संथ वेगळं, रटाळ वेगळं

"चांगला होता, पण स्लो होता. बोअर झालं." सिनेमा पाहून बाहेर पडताना ही दोन वाक्यं एका दमात ऐकू येतात, जणू एकच तक्रार दोनदा केली. मी समीक्षक नाही. शनिवारी जेवणं आटोपली की सिनेमा लावून बसणारी साधी प्रेक्षक आहे. पण या घोळापायी घरात चांगले सिनेमे अर्ध्यावर बंद होताना पाहिलेत आणि आता राहवत नाही.

रटाळ कशाला म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. लांबीचा त्याच्याशी संबंध नाही. 'सैराट' 174 मिनिटांचा होता, तरी लोकांनी दोन-दोनदा पाहिला.

गल्लत होते ती वेगात. पडद्यावर धावपळ असली की काहीतरी घडतंय असं आपण धरून चालतो. हीरोची एन्ट्री आठवा. आधी बूट, मग मूठ, मग पाठमोरा, मग गॉगल, वर कानठळ्या बसवणारे ढोल. दोन मिनिटांत कळतं एवढंच की हीरो आला, आणि ते तर पोस्टरवरच होतं. मला तरी हा प्रकार असह्य रटाळ वाटतो. पण आवाज मोठा असल्यामुळे त्याला कुणी बोअर म्हणत नाही.

उलट "इंटरव्हलनंतर सैराट पडतो" हे मी इतक्यांदा ऐकलंय! अहो, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची हैदराबादच्या झोपडपट्टीत येते, घाणीने कासावीस होते, रडते, मग कामाला लागते, भांडते, संसार उभा करते. दर दृश्यात ती आधीच्यापेक्षा वेगळी बाई झालेली असते. शेवटी सिनेमाचा आवाज जातो आणि तिचं लेकरू रस्त्याला लागतं, तेव्हा पोटात गोळा येतो तो याच 'पडलेल्या' भागामुळे. संथ असतं ते असं.

म्हणून दृश्य संपलं की मी एकच विचारते: मघाशी माहीत नव्हतं असं आता काय कळलं? उत्तर मिळालं तर दृश्य संथ, नाही मिळालं तर रटाळ. संथ म्हणजे आपोआप थोर, असंही नाही. नुसतं खिडकीबाहेर बघत बसलेलं पात्र मलाही पकवतं.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट', म्हणजे अटकेतल्या एका म्हाताऱ्या शाहिराच्या खटल्याचा सिनेमा, थिएटरात पाहिला तेव्हा शेवटाकडे माझ्या मागच्या रांगेतले चार-पाच जण उठूनच गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कोर्ट बंद होतं. माणसं निघून जातात, दिवे मालवतात, कॅमेरा मात्र हलत नाही. नुसता अंधार. त्यांना वाटलं, संपला.

मागच्या महिन्यात तो आईबरोबर घरी पुन्हा पाहिला. अंधार झाला तसा तिचाही हात रिमोटकडे गेला.

"आई, थांब जरा."

ती थांबली. काही क्षण त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "अगं, म्हणजे तो म्हातारा शाहीर सुट्टीभर आतच का?"