म्हातारपण आणि वेदना : पाळीव प्राण्याला निरोप देण्याआधी ओळखायचा फरक

घरातला कुत्रा तेरा-चौदा वर्षांचा झाला किंवा मांजर सोळाव्या वर्षात गेली, की घरची माणसे दोन वाक्ये आलटून पालटून बोलू लागतात. एक, ‘आता वय झालंय त्याचं, असं चालायचंच.’ दुसरे, ‘किती हाल चाललेत बिचाऱ्याचे, आता सोडवायला हवं.’ दोन्ही वाक्ये मायेपोटीच येतात. मात्र पहिल्यात पुष्कळदा वेदनेला म्हातारपण समजले जाते, आणि दुसऱ्यात म्हातारपणाला वेदना. पहिल्या गैरसमजामुळे जनावर महिनोन्महिने विनाकारण सोसत राहते. दुसऱ्यामुळे अजून बरे जगू शकणाऱ्या जिवाचा शेवट आधीच केला जातो. दयामरणाची वेळ आली आहे का, हा प्रश्न म्हणूनच नंतरचा आहे. समोर दिसते ते वय आहे की दुखणे, हे आधी ठरवावे लागते.

निव्वळ वयाने काय होते ते थोडक्यात सांगता येते. झोप वाढते, ऐकू कमी येते, तोंडाभोवतीचे केस पांढरे होतात, मांड्या बारीक होतात, फिरायला गेल्यावर पूर्वीपेक्षा लवकर परतावेसे वाटते. डोळ्यांत निळसर धुरकट झाक येते आणि घरचे घाबरून ‘मोतीबिंदू झाला, आता आंधळा होणार’ असे म्हणू लागतात. वास्तविक ही झाक बहुतेक वेळा डोळ्यातले भिंग वयोमानाने दाट झाल्यामुळे आलेली असते आणि तिच्यामुळे नजर फारशी जात नाही. मोतीबिंदूत भिंग पांढरट, अपारदर्शक होते आणि प्रकाश अडतो. दोहोंतला फरक पशुवैद्य तपासून सांगू शकतात. यातल्या कशानेही जनावराची जगण्यातली गोडी जात नाही. बिस्किटाच्या पुड्याचा आवाज ऐकून, किंवा ऐकू येत नसेल तर वास घेऊन, ते उठते. हळू उठते, पण उठते.

वेदना ओळखणे मात्र कठीण आहे, कारण ती आपण समजतो तशी दिसत नाही. ‘दुखत असतं तर ओरडला असता’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले आहे, तितक्या वेळा ते मला अस्वस्थ करून गेले आहे. जुनाट सांधेदुखी असलेला कुत्रा सहसा ओरडत नाही. तो गुळगुळीत फरशीवरून उठताना कसा उठतो, हे पाहावे. तो आधी पुढचे पाय रोवतो, अंगाचा सारा भार पुढे ओढतो, मागचे पाय दोन्हीकडे घसरतात, आणि उभा राहिल्यावर पहिले पाऊल टाकण्याआधी तो क्षणभर थांबतो. जिन्यापाशी येऊन उगाच इकडेतिकडे पाहतो. उकाडा नसताना रात्री धापा टाकतो, जागा बदलत राहतो. पुढच्या पायाचा एकच सांधा इतका चाटतो की तिथले केस लालसर तपकिरी होतात. आयुष्यभर कोणावर न गुरगुरलेला कुत्रा मुलाचा हात कमरेला लागताच गुरगुरतो, आणि घरचे म्हणतात, ‘म्हातारपणी चिडका झालाय.’

मांजर तर याहून अधिक लपवते. पूर्वी एका उडीत ओट्यावर जाणारी मांजर आधी स्टुलावर आणि मग ओट्यावर चढू लागते. पुढे ओट्यावर जाणेच सोडते. पाठीच्या मागच्या बाजूला केसांच्या गाठी होतात, कारण मान वळवून तिथवर चाटणे तिला जमत नाही. शू-शीच्या ट्रेची कड उंच असते म्हणून ती ट्रेशेजारी, फरशीवरच बसते, आणि तिला ‘घाण करायला लागली’ असा बोल लागतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले गेले, तेव्हा त्यांतील ९० मांजरांत सांधे झिजल्याच्या खुणा आढळल्या. एक्स-रेमध्ये झीज दिसते म्हणजे प्रत्येकीला तितकीच वेदना असते असे नाही. पण ‘मांजर म्हातारी झाली की झोपूनच असते’ हा समज किती तपासून घ्यायला हवा, हे त्यातून कळते. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत मांडली. तीत कान, डोळ्यांचे मिटलेपण, मुस्कटाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण या पाच गोष्टींना गुण दिले जातात. ही पद्धत मुख्यतः तीव्र वेदनेसाठी आहे, तरी बाहेरच्या बाजूला वळलेले कान आणि खांद्यांच्या खाली गेलेले डोके ही लक्षणे एकदा नजरेत बसली की पुन्हा चुकत नाहीत.

म्हातारपण आणि वेदना यांत फरक करण्याचा चांगला मार्ग उपचाराचा आहे. पशुवैद्याने रक्त तपासून, विशेषतः मूत्रपिंड आणि यकृत पाहून, दोन-तीन आठवडे नीट वेदनाशामक औषधे द्यावीत आणि मग काय बदलते ते पाहावे. ज्याला आपण म्हातारपण म्हणत होतो ते औषधाने उठून दारापर्यंत चालत आले, तर ते म्हातारपण नव्हते. औषधाने उतरते ते दुखणे. वय औषधाने उतरत नाही. याच काळात फरशीवर सतरंज्या किंवा रबरी मॅट अंथराव्यात, ट्रेची एक कड कापून खाली आणावी, वजन जास्त असेल तर ते उतरवावे. यांतले काहीही खर्चिक नाही, आणि कित्येक घरांत निर्णयाची तारीख यामुळेच लांबणीवर जाते. मात्र घरातल्या माणसांच्या गोळ्या कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

उलट्या दिशेचा गैरसमज सर्वांत वाईट रीतीने दिसतो तो एका विशिष्ट विकारात. म्हातारा कुत्रा सकाळी उठतो तो मान एका बाजूला कललेली, डोळ्यांची बुबुळे एका लयीत फिरत असलेली, उभे राहायला गेला की एका बाजूला कोसळतो, ओकाऱ्या काढतो. घरचे म्हणतात, पक्षाघात झाला, संपले सारे. पण हा बहुधा कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो. म्हाताऱ्या कुत्र्यांत तो बऱ्याचदा कारण न सापडता अचानक येतो आणि पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर ओसरू लागतो. काही आठवड्यांत कुत्रा पुन्हा चालू लागतो, कधी मान जराशी तिरकी राहते इतकेच. मेंदूचा आजार किंवा कानातला संसर्गही असेच रूप घेऊ शकतो, म्हणून तपासणी टाळता येत नाही. पण अशा सकाळी, त्या दृश्याने हादरून, त्याच दिवशी दयामरणाचा निर्णय घेणे म्हणजे पुष्कळदा काही आठवड्यांत बरे होऊ शकणाऱ्या कुत्र्याला निरोप देणे होय. एकाएकी आलेल्या आजारात, जनावर तीव्र वेदनेत किंवा श्वासासाठी धडपडत नसेल, तर हा निर्णय निदान दोन-तीन दिवस थांबवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता अवघड जागा येते. वय आणि वेदना यांची सीमा जिथे पुसट होते ती म्हणजे मेंदूचे वार्धक्य. कुत्र्यांना माणसांच्या स्मृतिभ्रंशासारखा विकार होतो. ते खोलीच्या कोपऱ्यात तोंड घालून उभे राहतात, दाराच्या बिजागरीच्या बाजूने बाहेर पडू पाहतात, ओळखीच्या माणसाकडे अनोळख्यासारखे पाहतात, दिवसा झोपतात आणि रात्रभर येरझाऱ्या घालत विव्हळतात. एका अभ्यासात अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के, आणि पंधरा-सोळा वर्षांच्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांत अशा लक्षणांपैकी किमान एक आढळले. यात सांधे दुखत नसतील, पण रात्रीची भीती हीही यातनाच आहे. ‘कुठे दुखत नाही ना त्याला, मग राहू दे’ हे म्हणणे इथे अपुरे पडते. औषधे, रात्रीचा मंद दिवा, ठरलेली दिनचर्या यांनी काही काळ फरक पडतो. फरक पडेनासा झाला की या भीतीचेही वजन वेदनेइतकेच मानले पाहिजे.

म्हणजे निर्णयाचे कारण वय नव्हे आणि नुसती वेदनाही नव्हे. प्रामाणिक उपचार करून झाल्यावरही जे उतरत नाही, ते दुखणे हे कारण. ते किती उरले आहे हे पाहण्यासाठी अमेरिकेतल्या पशुकर्करोगतज्ज्ञ डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी मांडलेली मोजपट्टी उपयोगी पडते. वेदना (यात श्वासाचा त्रासही धरतात), भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणे-फिरणे, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना शून्य ते दहा गुण द्यायचे; दहा म्हणजे स्थिती उत्तम. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळ चालू ठेवण्याजोगा. बेरजेपेक्षा मला शेवटची बाब अधिक मोलाची वाटते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज संध्याकाळी चांगल्या दिवसाला एक आणि वाईट दिवसाला दुसरी खूण करावी. एखादा चांगला दिवस उगवला की आपण मागचे सहा विसरतो; कॅलेंडर विसरत नाही.

आपल्याकडे या टप्प्यावर पापाचा विचार येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य यातनेत पडले होते. शक्य ती शुश्रूषा झाली, डॉक्टरांनी आशा नसल्याचे सांगितले, कूस बदलणेही त्याला असह्य झाले होते. तेव्हा गांधीजींनी इंजेक्शन देऊन त्याला मुक्त करवले, आणि त्यावर उठलेल्या संतापाला जाहीर लेखाने उत्तर दिले. त्या प्रसंगातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो : आधी शुश्रूषा, मग डॉक्टरांचे मत, मग निर्णय. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, जिवंत ठेवणे हेच क्रूरतेचे ठरेल अशा जनावराचा विचार कलम १३ मध्ये केलेला आहे.

‘झोपेत आपोआप गेला तर बरं’ ही आशा बहुतेक घरांत असते. काहींच्या वाट्याला तसे मरण येतेही. पण मूत्रपिंडे निकामी झालेली मांजर आपोआप जाते तेव्हा त्याआधी बरेच दिवस मळमळ, तोंडातले व्रण आणि अन्नावरची वासना जाणे यांत काढलेले असतात. नैसर्गिक मरण म्हणजे शांत मरण असे धरून चालता येत नाही.

दयामरण कसे होते, हे आधी माहीत असावे. पशुवैद्य शक्यतो आधी गुंगीचे इंजेक्शन देतात, आणि मग शिरेतून भूल देणारे औषध मोठ्या मात्रेत देतात. काही सेकंदांत शुद्ध हरपते, काही मिनिटांत श्वास आणि हृदय थांबते. आधी गुंगी देणार का, घरी येणार का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. डोळे उघडेच राहतात. शेवटी एखादा खोल श्वास किंवा स्नायूंची थरथर दिसते, शू होते. ही वेदनेची लक्षणे नव्हेत, पण ठाऊक नसेल तर पाहणाऱ्याला तसे वाटते. शेजारी बसणार असलेल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, डॉक्टर येण्याआधीच हे सांगून ठेवावे, आणि ज्याला थांबायचे नसेल त्याला थांबवू नये.