कव्हर लेटर म्हणजे रिझ्युमेची कॉपी नाही
"रिझ्युमेत आहे तेच वाक्यं करून कव्हर लेटरमधे (नोकरीच्या अर्जासोबत पाठवायच्या पत्रात) लिहायचं" असं बरेच जण सांगतात, पण ते चुकीचं आहे. रिझ्युमे सांगतो तुम्ही काय काय केलंय, लेटरनं सांगायचं की ते ह्याच जागेसाठी का कामाचं आहे. म्हणून आधी जाहिरात नीट वाचा, त्यात मागितलेल्या 2-3 मेन गोष्टी उचला आणि प्रत्येकीला तुमच्या कामातला एक खरा प्रसंग जोडा, म्हणजे नुसतं "मी मेहनती आहे" न म्हणता "रिपोर्टला 3 दिवस लागायचे, मी शीट नव्याने बनवली, आता 1 दिवसात होतो" असं काहीतरी, वाचणाऱ्याला लगेच कळतं. एका पानात बसवा. आणि प्लीज, फक्त कंपनीचं नाव बदलून तेच लेटर सगळीकडे पाठवू नका.