उशिरा ऐकणारं घर

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या हिवाळ्यात एक सवय हमखास लागते. बाहेरून कुडकुडत घरात शिरलं की रेडिएटरचा नॉब थेट 5 वर. तासाभराने घाम फुटला की 0 वर. मग पुन्हा गारठा, पुन्हा 5. नॉब म्हणजे गॅसच्या शेगडीचं बटण, जास्त फिरवलं की जास्त आच, असं आपण धरून चालतो. स्टुटगार्टमधल्या एका जुन्या इमारतीत माझाही पहिला हिवाळा असाच गेला. त्या नॉबवरचे आकडे आचेचे नाहीत, तापमानाचे आहेत, हे कळेपर्यंत मार्च उजाडला होता.

3 म्हणजे साधारण 20 अंश सेल्सिअस. पुढच्या प्रत्येक आकड्याला चारेक अंश वाढतात, म्हणजे 5 वर जवळपास 28. खोली 15 अंशांवर असेल तर नॉब 3 वर ठेवा की 5 वर, रेडिएटरचा व्हॉल्व्ह दोन्ही वेळी पूर्ण उघडाच राहतो आणि खोली सारख्याच वेगाने तापते. फरक पडतो तो थांबण्यात. 3 वर ठेवलेला व्हॉल्व्ह 20 अंशांच्या आसपास मिटतो, 5 वर ठेवलेला तुमचा घाम निघेपर्यंत मिटत नाही.

नॉबच्या आत एक बंद डबी असते. डबीत द्रव, वायू किंवा मेण. खोलीतली हवा तापली की ते प्रसरण पावतं, एक पिन आत ढकलतं आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या गरम पाण्याची वाट अरुंद होते. वीज नाही, तार नाही. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसन यांनी 1943 साली असा व्हॉल्व्ह तयार केला आणि युरोपातल्या असंख्य घरांत तो आजही तसाच चालतो. मला हे यंत्र मनापासून आवडतं. पण त्याला फक्त स्वतःभोवतीची हवा कळते. घड्याळ कळत नाही, उघडी खिडकी कळत नाही, घरात माणूस आहे की नाही हे कळत नाही. हीटिंग आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम सुरू होतं ते इथून.

खोलीचं तापमान दुसरीकडे कळवावं, ही गरज आधी भासली ती एका प्राध्यापकाला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन शिकवत असत. तापमान बघायला शिपाई वर्गावर्गातून फिरायचा आणि मग तळघरात जाऊन गरम हवेच्या झडपा खाली-वर करायचा. प्रत्येक फेरीला शिकवणं मोडायचं. जॉन्सन यांनी वर्गातूनच तळघराला इशारा देणारं विजेचं उपकरण बनवलं आणि 1883 साली त्याचं पेटंट घेतलं. खोली गार पडल्याची सूचना आज फोनवर येते, तिची मूळ कल्पना ही.

इशारा मिळाला की चालू, पुरेसं तापलं की बंद. ऐकायला इतकं सोपं आहे. पण 20 अंशांवर काटेकोर बंद-चालू करायला सांगितलं तर यंत्र 19.9 ला सुरू होईल, 20.0 ला थांबेल आणि दिवसभर टकटक करत राहील. म्हणून थोडी सैल सोडावी लागते: 19.7 ला चालू, 20.3 ला बंद. मधल्या पट्ट्यात आहे ती स्थिती तशीच राहते.

आता 20.3 ला बंद केलं तरी तापमान तिथे थांबत नाही. भाकरी करणाऱ्या कुणालाही याचं कारण सांगावं लागणार नाही. शेवटची भाकरी तव्यावर पडली की गॅस बंद करायचा, उरलेल्या धगीवर ती भाजून निघते. ती पूर्ण भाजल्यावर गॅस बंद केला तर तव्यात अडकलेली उष्णता वाया जाते, आणि भाकरी तिथेच राहिली तर करपतेही. रेडिएटर हा पाण्याने भरलेला जाड तवाच आहे. व्हॉल्व्ह मिटला तरी तो पुढे बराच वेळ खोली तापवत राहतो.

हनीवेल कंपनीचा 1953 सालचा गोल थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून घराची भट्टी चालू-बंद करणारं भिंतीवरचं उपकरण, प्रसिद्ध आहे तो हेन्री ड्रेफस यांनी दिलेल्या देखण्या रूपासाठी. मला त्याच्या पोटातली एक बारीक तार जास्त मोलाची वाटते. भट्टी चालू असताना ही तार किंचित तापायची आणि शेजारच्या, तापल्यावर वाकून भट्टी बंद करणाऱ्या द्विधातूच्या पट्टीला ऊब द्यायची. पट्टीला वाटायचं, खोली तापली. भट्टी थोडी आधीच बंद व्हायची आणि उरलेल्या धगीवर खोली बरोबर हव्या त्या तापमानाला पोचायची. शेवटच्या भाकरीला गॅस बंद करण्याचं शहाणपण एका तारेत बसवलं होतं.

आजची प्रणाली हेच गणिताने करते. आत्ता किती अंश कमी आहेत, बराच वेळ किती कमी राहत आलं आहे आणि तापमान किती वेगाने चढतं आहे, या तिन्हींची गोळाबेरीज करून व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरतं. हे गणित 1922 साली निकोलस मिनॉर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूसाठी मांडलं होतं. जहाजही उशिरा वळतं. कसलेला सुकाणूवाला जहाज सरळ होण्याआधीच सुकाणू उलटं फिरवायला लागतो.

घर किती उशिरा ऐकतं, हे स्वतः मोजून बघण्यासारखं आहे. 4 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच खोली घ्या. त्यात 40 घनमीटर हवा, म्हणजे सुमारे 48 किलो. एक किलो हवा एक अंशाने तापवायला साधारण 1 किलोज्यूल लागतं, तेव्हा सगळ्या हवेला 48 किलोज्यूल. 1000 वॉटचा रेडिएटर दर सेकंदाला 1 किलोज्यूल देतो. एक अंशासाठी एक मिनिटही नको!

आता भिंती. चार भिंतींचं क्षेत्रफळ 40 चौरस मीटर. दारं-खिडक्या सोडून देऊ आणि विटांचा फक्त आतला 10 सेंटिमीटरचा थर धरू. 4 घनमीटर वीट, वजन साडेसहा टनांच्या घरात. तिला एक अंश चढवायला 5400 किलोज्यूलच्या आसपास. त्याच रेडिएटरला दीड तास, आणि तोही बाहेर काहीच उष्णता जात नाही असं मानून. हिशेब ढोबळ आहे, पण हवा आणि भिंत यांच्यात शंभरपटीहून जास्त अंतर आहे, हे त्यातून स्वच्छ दिसतं. गावाहून परतल्यावर घराची हवा पटकन तापते तरी अंगाला गारवा लागत राहतो, तो या भिंतींमुळे. आपलं शरीर भिंतींकडे उष्णता सोडत असतं. थर्मामीटर 20 दाखवतो आणि आपण शाल शोधतो.

म्हणून सकाळी सातला उबदार खोली हवी असेल तर सातला हीटिंग लावून भागत नाही. कधी लावायचं हे बाहेरच्या थंडीवर, भिंतींच्या जाडीवर आणि काल रात्री किती गार पडलं त्यावर ठरतं. माणूस हे रोज करू शकत नाही. सॉफ्टवेअर मागच्या दिवसांच्या नोंदी बघून शिकू शकतं, की या खोलीला एक अंश चढायला किती वेळ लागतो.

मी वापरतो ते सॉफ्टवेअर म्हणजे होम असिस्टंट. पाउलस स्खाउटन यांनी 2013 साली ते सुरू केलं. पायथनमध्ये लिहिलेलं आहे, मुक्तस्रोत आहे आणि रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर चालतं. भाड्याच्या घरातही अडत नाही. रेडिएटरवरचं जुनं डोकं, म्हणजे तो नॉब, हाताने उघडून काढायचं, तिथे मोटर आणि दोन पेन्सिल सेल असलेलं नवं डोकं बसवायचं. जुनं डोकं खोक्यात जपून ठेवायचं आणि घर सोडताना परत लावायचं. नवं डोकं झिग्बीच्या रेडिओ लहरींवरून त्या छोट्या संगणकाशी बोलतं.

सगळं घरातल्या घरात चालावं, असा माझा आग्रह आहे. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये गूगलने नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचं अॅपवरून चालणं थांबवलं. भिंतीवर जाऊन हाताने तापमान बदलता येत होतं, पण दुरून नाही. यंत्रं धडधाकट होती. घराची ऊब दूरच्या सर्व्हरवर टांगू नये, असं मला तेव्हापासून अधिकच वाटतं.

पहिली गफलत होते ती सेन्सरच्या जागेवरून. नव्या डोक्यातला सेन्सर रेडिएटरला चिकटून बसलेला असतो. त्याला 22 दिसतं तेव्हा पलंगाशी 19 असू शकतं. उपाय स्वस्त आहे: खोलीच्या दुसऱ्या बाजूला, उन्हापासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर, छातीच्या उंचीवर वेगळा सेन्सर लावायचा आणि व्हॉल्व्हला त्याचं ऐकायला लावायचं. बाकी काही केलं नाही तरी एवढं कराच.

मग खिडकी. जर्मन घरांत हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा बदलण्याची रीत आहे. बर्फगार हवा खिडकीखालच्या रेडिएटरवर कोसळते, व्हॉल्व्हला वाटतं खोली गोठली आणि तो पूर्ण उघडतो. खिडकीच्या चौकटीवर लोहचुंबकाचा छोटा सेन्सर लावला की नियम दोन ओळींचा होतो: खिडकी अर्धा मिनिट उघडी राहिली तर व्हॉल्व्ह मिटव, बंद झाली की आधीचं तापमान परत लाव. माझ्याकडे सर्वांत आधी हाच नियम चालू झाला.

रात्री तापमान उतरवावं की नाही, यावर आपल्या लोकांत बरीच चर्चा चालते. सकाळी पुन्हा तापवायला जास्तच जातं, असं बरेच जण ठामपणे सांगतात. भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूने नाही. घरातून उष्णता बाहेर जाते ती आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात. बाहेर 0, आत 20 असेल तर फरक 20. आत 19 केलं की 19. तोटा 5 टक्क्यांनी कमी. रात्रीचे आठ तास सरासरी 17 राहिलं तर त्या आठ तासांत 15 टक्के बचत, पूर्ण दिवसावर 5 टक्के. सकाळी भिंतींना जी उष्णता परत द्यावी लागते, ती रात्री त्यांनीच खोलीला दिलेली असते. ते उसनं फेडणं आहे, जादा खर्च नव्हे.

पण हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर घरात आणणारं यंत्र, असेल तर मी सावध राहीन. बाहेर 0 अंश असताना 35 अंशांचं पाणी द्यायचं तर हीट पंपला निसर्गनियमांनी घालून दिलेली कमाल मर्यादा एका युनिट विजेला 8.8 युनिट उष्णतेची. 55 अंशांचं पाणी द्यायचं तर ती 6 वर येते. प्रत्यक्षातली यंत्रं याच्या निम्म्याच्या आसपास पोचतात, उतार मात्र तोच. रात्री घर खूप गार पडू दिलं आणि सकाळी घाईने तापवायला जास्त गरम पाणी मागितलं, तर मिळवलेलं हातचं जातं. तिथे संथपणे, दिवसभर कोमट पाणी फिरवणं बरं. आधुनिक गॅस बॉयलरलाही कोमट पाणीच मानवतं. परतीचं पाणी 55 अंशांच्या खाली असेल तर धुरातली वाफ बॉयलरमध्येच पाण्यात बदलते आणि स्वतःतली उष्णता परत देते.

बचतीच्या भरात आपली मंडळी एक मोठी चूक करतात. झोपायची खोली 14 अंशांवर ठेवतात आणि दार उघडं. आपल्या स्वयंपाकात कुकरच्या शिट्ट्या, भात, उकळता चहा. हिवाळ्यात कपडेही घरातच वाळत. एका मशीनभर कपड्यांतून सहज लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं, आणि आपल्या त्या 40 घनमीटरच्या खोलीतली 20 अंशांची हवा जास्तीत जास्त 700 ग्रॅम वाफ धरू शकते. उरलेली जाते कुठे? सर्वांत गार कोपऱ्यात, कपाटामागच्या बाहेरच्या भिंतीवर. खोलीत 20 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असली तरी भिंतीचा कोपरा 12.6 अंशांवर असेल तर त्या पृष्ठभागाशी आर्द्रता 80 टक्क्यांवर पोचते. बुरशीला तेवढी पुरते, भिंत ओली दिसायचीही गरज नाही. म्हणून माझ्याकडे प्रत्येक सेन्सर आर्द्रताही मोजतो. ती 60 टक्क्यांच्या वर तासभर टिकली तर खिडकी उघडायची सूचना येते आणि खोलीचं तापमान 17 च्या खाली उतरत नाही, घरात कुणी असो वा नसो.

यंत्रणा फसते तेव्हा काय होईल, हेही आधीच ठरवायला हवं. एका रात्री माझ्या सेन्सरचा सेल मेला आणि शेवटचा आकडा 17.8 तसाच पडद्यावर राहिला. सॉफ्टवेअर बापडं रात्रभर 17.8 चं 20 करत बसलं. पहाटे चारला मुलगी घामाने भिजून उठली. त्यानंतरचा नियम असा: सेन्सरने तासभर नवा आकडा पाठवला नाही तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही, व्हॉल्व्हच्या डोक्यातल्या स्वतःच्या सेन्सरवर परतायचं. छोटा संगणकच बंद पडला तरी ते डोकं एकट्याने काम चालू ठेवतं आणि खोली 6-7 अंशांवर आली की पाइप गोठू नयेत म्हणून आपोआप उघडतं.

मागच्या हिवाळ्यात आई तीन महिने राहायला आली. जागतिक आरोग्य संघटनेने थंड प्रदेशातल्या घरांसाठी किमान 18 अंश सुचवले आहेत आणि वृद्धांना त्याहून जास्त लागू शकतं, असंही म्हटलं आहे. आईने मला काही सांगितलं नाही. दुपारी आम्ही दोघंही कामावर, सॉफ्टवेअरच्या हिशेबी घर रिकामं, कारण तिचा फोन माझ्या प्रणालीत नोंदवलेलाच नव्हता. ती नॉब 22 वर न्यायची आणि पाच मिनिटांत माझा नियम तो 17 वर आणून ठेवायचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर ती स्वेटरवर शाल, शालीवर गोधडी घेऊन बसलेली. नॉब बिघडलाय रे, म्हणाली.

त्या रात्री मी सगळ्या नियमांच्या वर एक नियम लिहिला. नॉब हाताने फिरवला गेला तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत कुठल्याही नियमाने त्याला हात लावायचा नाही. आई परत गेली, तो नियम अजून सर्वांत वरच आहे.