अपेक्षा-परिणाम

एखाद्या व्यक्तीविषयी भोवतालच्या माणसांनी धरलेली अपेक्षा त्यांच्या वागण्यातून तिच्यापर्यंत पोहोचते आणि हळूहळू तिची कामगिरी, कुवत किंवा स्वतःविषयीची कल्पना त्याच दिशेने सरकते, या प्रक्रियेला अपेक्षा-परिणाम म्हणतात. चांगल्या अपेक्षेने होणाऱ्या बदलाला पिग्मॅलियन परिणाम म्हणतात. हे नाव स्वतःच घडवलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडलेल्या, पुराणकथेतील एका शिल्पकाराचे. वाईट अपेक्षेने होणाऱ्या घसरणीला गोलेम परिणाम असे नाव आहे; गोलेम म्हणजे ज्यू दंतकथेतला मातीचा जिवंत केलेला पुतळा. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण नुसत्या संगतीविषयी बोलते. इथे त्याआधीचा प्रश्न येतो : पवळ्याला त्या दावणीला कोणी बांधले, आणि बांधताना त्याच्याविषयी काय गृहीत धरले होते?

‘स्वतःच खरे ठरणारे भाकीत’ ही कल्पना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली मांडली. त्यांचे उदाहरण बँकेचे आहे. बँक सुस्थितीत असते, ती बुडणार अशी आवई उठते, खातेदार एकाच दिवशी पैसे काढायला धावतात आणि बँक खरोखरच बुडते. माणसाच्या बाबतीत गुंता जास्त आहे. बँकेला आवई ऐकू येत नाही, मुलाला येते. कोणी तोंडाने बोलले नाही तरी येते.

प्रयोगांची सुरुवात मात्र मुलांवर नव्हे, उंदरांवर झाली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि कर्मिट फोड यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी ५ पांढरे उंदीर दिले आणि त्यांना चक्रव्यूहातून वाट काढायला शिकवण्याचे काम सोपवले. निम्म्या विद्यार्थ्यांना सांगितले, तुमचे उंदीर पिढीजात हुशार आहेत. उरलेल्यांना सांगितले, तुमचे ढ आहेत. प्रत्यक्षात सगळे उंदीर सारखेच होते आणि त्यांची वाटणी यादृच्छिक होती. पाच दिवसांत ‘हुशार’ उंदीर पुढे गेले, ‘ढ’ उंदीर कित्येकदा जागचे हललेही नाहीत. नंतर विचारले तेव्हा हुशार उंदीर मिळालेल्या विद्यार्थ्यांनी आपण त्यांना अधिक वेळा आणि अधिक हळुवारपणे हाताळल्याचे सांगितले. अपेक्षा उंदरांच्या कानापर्यंत जाण्याचा प्रश्नच नव्हता. ती बोटांतून गेली.

यानंतर रोझेन्थाल आणि शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत तोच प्रश्न मुलांच्या बाबतीत विचारला. या प्रयोगावरचे त्यांचे ‘पिग्मॅलियन इन द क्लासरूम’ हे पुस्तक १९६८ साली निघाले. सहा इयत्तांच्या १८ वर्गांत एक साधी बुद्धिमापन चाचणी घेतली आणि ती ‘लवकरच झेप घेणारी’ मुले ओळखते, असे शिक्षकांना भासवले. मग सुमारे एक पंचमांश मुलांची नावे कोणताही निकष न लावता उचलून शिक्षकांना कळवली. वर्षअखेरीस पहिलीतील निवडलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी २७ गुणांनी वाढला होता, इतरांचा १२ गुणांनी. दुसरीत हेच आकडे सुमारे १६ आणि ७ होते. वरच्या इयत्तांत फारसा फरक पडला नाही.

पुस्तक गाजले आणि त्यावर टीकाही तितकीच झाली. ती बऱ्याच अंशी रास्त होती. काही मुलांचे नोंदलेले बुद्ध्यंक २० च्या खाली, तर काहींचे २०० च्या वर होते. अशी मोजपट्टीच संशयास्पद. सगळा डोलारा खालच्या दोन इयत्तांतील मोजक्या मुलांवर उभा होता. शिवाय यादीतली नावे शिक्षकांना नंतर नीटशी आठवतही नव्हती. तरीही याच अभ्यासातला एक कमी चर्चिला गेलेला निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. यादीत नसलेली काही मुलेही त्या वर्षात पुढे गेली होती. त्यांच्याविषयी शिक्षकांचे मत सुधारण्याऐवजी कमी अनुकूल दिसले, विशेषतः मागे पडलेल्या तुकड्यांतील मुलांविषयी. ज्याच्याकडून काही अपेक्षा नाही त्याने चमक दाखवली, तर ती बघणाऱ्याला खुपते.

अपेक्षा पोहोचते कशी, याची रोझेन्थाल यांनी केलेली मांडणी आजही वापरात आहे : बोलण्या-वागण्यातली ऊब, शिकवलेल्या मजकुराचे प्रमाण, उत्तर देण्याची संधी आणि चुकल्यावर मिळणारा प्रतिसाद. यातली संधीची गोष्ट चक्क घड्याळ लावून मोजता येते. विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला उठवतात किंवा उत्तर स्वतःच सांगून टाकतात. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाला त्यातल्या त्यात जास्त वेळ मिळतो. हा थांबा तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरे लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. सबंध वर्षभर रोज चार-सहा वेळा ज्याचे वाक्य अर्ध्यात तुटते, त्याला आपण कोण आहोत हे वेगळे सांगावे लागत नाही.

परिणाम केवढा असतो, यावर मतभेद बरेच मिटले आहेत. स्टीफन राउडेनबुश यांनी १९८४ साली १८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून अधिक काळ ओळखत असतील, तर बाहेरून पुरवलेल्या खोट्या माहितीचा परिणाम जवळपास दिसत नाही, असे त्यांना आढळले. ली जुसिम आणि केंट हार्बर यांच्या २००५ च्या आढाव्यानुसार वर्गातला हा परिणाम सहसा लहान असतो, आणि शिक्षकांच्या अपेक्षा बऱ्याचदा मुलांच्या खऱ्या कामगिरीवरच बेतलेल्या असतात. मात्र समाजाने आधीच शिक्का मारलेल्या गटांतील मुलांवर तो अधिक जोरकस असू शकतो. तेव्हा ‘विश्वास ठेवा म्हणजे मूल चमकेल’ हा प्रेरणादायी भाषणांतला सूर पुराव्याच्या फार पुढे धावतो.

परिसरच बदलला की मात्र आकडे वेगळ्याच मापाचे येतात. हॅरल्ड स्कील्स हे अमेरिकेच्या आयोवा राज्यातील अनाथालयांत काम करणारे मानसशास्त्रज्ञ. १९३० च्या दशकात त्यांच्याकडे दोन कृश, रडव्या मुली आल्या. वये १३ आणि १६ महिने, विकास मात्र सहा-सात महिन्यांच्या बाळाइतका. त्यांची रवानगी बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रियांच्या संस्थेत झाली. पुढे काही होणार नाही, असेच सर्वांनी धरले होते. सहा महिन्यांनी स्कील्स त्या संस्थेत गेले तेव्हा इकडेतिकडे पळणाऱ्या, हसऱ्या दोन मुली त्यांना दिसल्या. या त्याच, हे त्यांना पटेना. वॉर्डातल्या बायकांनी त्यांना आपलेसे केले होते. एकेक जण जणू आई झाली होती आणि बाकीच्या मावश्या.

मग आणखी मुले पाठवली गेली. अशा १३ मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ६४ वरून ९२ वर गेला. अनाथालयातच राहिलेल्या १२ मुलांचा ८७ वरून ६१ वर घसरला. मुलांची निवड काटेकोर नव्हती आणि गट लहान होते, म्हणून त्या काळी या निष्कर्षांची टर उडवली गेली. पुढे २००० नंतर रोमानियात बुखारेस्ट येथे १३६ बालकांवर रीतसर प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्मी संस्थेत राहिली, निम्मी पालक कुटुंबांत गेली. साडेचार वर्षांच्या वयात पहिल्या गटाचा बुद्ध्यंक सरासरी ७३ होता, दुसऱ्याचा ८१. लवकर घरी गेलेल्यांचा फायदा अधिक. अमेरिकेत १९९४ ते १९९८ दरम्यान सोडतीने कमी गरिबीच्या वस्तीत जाण्याची संधी मिळालेल्या कुटुंबांविषयी अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवले, की तेरा वर्षांच्या आत तिथे गेलेल्या मुलांची विशी-पंचविशीतली मिळकत ३१ टक्क्यांनी जास्त होती. त्याहून मोठ्या वयात गेलेल्यांना असा लाभ झाला नाही.

स्कील्स यांनी आपल्या मुलांचा पुन्हा शोध घेतला आणि १९६६ साली त्याची हकीकत लिहिली. स्त्रियांच्या संस्थेत पाठवलेले तेराही जण स्वतःच्या पायावर उभे होते आणि त्यांतल्या अकरांना लहानपणीच दत्तक घेतले गेले होते. अनाथालयात राहिलेल्यांपैकी एक किशोरवयातच गेला होता, चौघे अजून संस्थांत होते, बाकीचे बहुतेक हलकीसलकी कामे करत होते. त्यांच्यात एकाचेच बरे चालले होते. तो छपाईचा जुळारी झाला होता आणि त्याची मिळकत त्या गटातल्या इतर कमावत्यांच्या एकूण मिळकतीइतकी होती. त्याला कमी ऐकू येई, म्हणून त्याला कर्णबधिरांच्या निवासी शाळेत पाठवले होते. सुट्टीत घरी न्यायला कोणी नसलेला हा मुलगा तिथल्या मेट्रनबाईंचा विशेष लाडका होता.