नेव्ही कोल्ट: मागाहून बदललेलं आणि जन्मापासून काडतुशीचं

टेबलावर दोन रिव्हॉल्व्हर शेजारी शेजारी ठेवली आहेत. दोन्ही कोल्ट या अमेरिकन कंपनीच्या १८५१च्या नेव्ही मॉडेलच्या इटालियन प्रतिकृती. दोन्हींची नळी अष्टकोनी, मूठ अक्रोडाच्या लाकडाची, आणि दोन्हींत ३८ स्पेशल काडतूस बसतं (३८ म्हणजे नावापुरतं ०.३८ इंच; पुढचे ३६, ४४ हे आकडेही तसेच). अमेरिकेत या दोघांनाही सर्रास ‘कन्व्हर्जन’ म्हणतात, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. यातलं एक ठासणीचं होतं. मालकाने त्यात नंतर काडतुशीचा सिलिंडर बसवला. दुसरं कारखान्यातून बाहेर पडलं तेच काडतुशीचं. त्याने फक्त १८७०च्या दशकातल्या बदललेल्या रिव्हॉल्व्हरचं रूप घेतलं आहे.

हा फरक समजावायला आपली मराठी मोठी सोयीची आहे, कारण ‘ठासणीची’ आणि ‘काडतुशीची’ हे दोन्ही शब्द आपल्याकडे रोजच्या वापरातले आहेत. सिंधुदुर्गात आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक होती. आधी नळीत दारू, मग काथ्या, मग छर्रे, वर गजाने ठासायचं आणि मागच्या नळकांडीवर तांब्याची टोपी चढवायची. नेव्ही कोल्टचं मूळ तंत्र हेच, फक्त ते सहा घरांच्या सिलिंडरमध्ये समोरच्या बाजूने करायचं. गजाचं काम नळीखालचा दांडा करतो. काडतूस आलं की दारू, गोळी आणि टोपी एकाच पितळी नळकांडीत बसतात आणि ती सिलिंडरमध्ये मागून सरकवायची असते. त्यासाठी सिलिंडरची घरं आरपार हवीत.

आणि नेमकं हेच कोल्टला करता येत नव्हतं. आरपार घरांचं पेटंट रोलिन व्हाइटने ३ एप्रिल १८५५ रोजी घेतलं होतं आणि ते वापरण्याचा हक्क स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या कंपनीकडे होता. १८६९मध्ये मुदत संपली. पेटंट वाढवून मिळावं म्हणून व्हाइटने अमेरिकेच्या काँग्रेसमधून, म्हणजे तिथल्या संसदेतून, विधेयकही मंजूर करून घेतलं, पण १८७०च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. तोवर कोल्टच्या कोठारात ठासणीच्या रिव्हॉल्व्हरांचे सुटे भाग पडून होते. चार्ल्स रिचर्ड्सने १८७१मध्ये आणि विल्यम मेसनने १८७२मध्ये त्यांना काडतुशीवर आणायच्या पद्धतींची पेटंटं घेतली. सिलिंडरचा मागचा भाग गेला, तिथे एक कडं आलं, कड्यात काडतूस घालायचं दार आलं. ठासायचा दांडा काढून त्याच्या जागी रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी सळई आली.

ही सळई म्हणजे ओळखण्याची पहिली खूण. कारखान्याच्या प्रतिकृतीत ती नळीच्या उजव्या कुशीला दिसते आणि ठासायचा दांडा नसतो. घरी बदललेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये बहुतेक वेळा दांडा जागच्या जागी असतो, आता काही काम नसलेला. सगळ्यात सोप्या जोडणीत सिलिंडर दोन तुकड्यांचा येतो: पुढे आरपार घरं, मागे झाकण, आणि झाकणात प्रत्येक घरासाठी एक छोटी पिन. घोडा त्या पिनेवर आपटतो. काडतुसं भरायची तर नळीची पाचर ठोकून काढायची, नळी उतरवायची, सिलिंडर बाहेर घ्यायचा, झाकण उघडायचं. दुसऱ्या प्रकारात रिचर्ड्ससारखं कडं आणि दार असतं, पण दारातून काडतूस जायला फ्रेमची मागची ढाल तिथे कोरावी लागते, आणि ते कोरणं परत भरून येत नाही.

हे सगळं नजरेला दिसणारं. खरा फरक नळीच्या आत आहे, आणि तिकडे फार थोडे लोक बघतात.

ठासणीच्या ‘३६’ नेव्हीची नळी आतून, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या तळापासून तळापर्यंत मोजली, तर सुमारे ०.३७५ इंच भरते. ‘३८ स्पेशल’ काडतुशीची गोळी मात्र ०.३५७ ते ०.३५८ इंचांची असते. म्हणजे ३८ची गोळी ३६च्या नळीपेक्षा बारीक! आकडे उलटे वाटतात, आणि याचं कारण हीच जुनी कन्व्हर्जनं आहेत. कोल्टने ३६च्या रिव्हॉल्व्हरांसाठी काडतूस केलं तेव्हा पितळी नळकांडी सिलिंडरच्या घरात नीट बसेल अशी, साधारण ०.३८ इंच जाड ठेवली आणि नाव त्या जाडीवरून दिलं. गोळीही बाहेरून तेवढ्याच जाडीची होती. फक्त तिचं बूड निमुळतं करून बुचासारखं नळकांडीत खोचलेलं. एनसीसीत ज्यांनी २२ची रायफल चालवली आहे त्यांनी अशी गोळी हाताळली आहे, कारण २२चं काडतूस आजही तसंच असतं. पुढे गोळी पूर्णपणे नळकांडीच्या आत बसवायला लागले. आत बसायची तर ती बारीक हवी, म्हणून गोळी ०.३५७वर आली. नाव मात्र ३८च राहिलं. १९३५मध्ये आलेल्या ३५७ मॅग्नमने खरा आकडा नावात घेतला, आणि गोळी तीच!

आता ही दोन रिव्हॉल्व्हर पुन्हा हातात घ्या. कारखान्याच्या प्रतिकृतीची नळी मुळातच ३८ स्पेशलच्या गोळीच्या मापाने केलेली असते. दुकानातलं साधं शिशाच्या गोळीचं काडतूस घाला, नेम ठीक लागतो. बदललेल्याची नळी मात्र जुन्याच मापाची, गोळीपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर मोठी. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं मलाही वाटलं होतं. एका मित्राच्या बदललेल्या नेव्हीतून आम्ही पंधरा यार्डांवर सहा बार काढले. कागद जवळ आणून पाहिला तर गोल भोकं दोनच होती. बाकी चार ठिकाणी किल्लीच्या भोकासारख्या लांबट फटी. नळीच्या खाचांनी गोळीला पकडलंच नव्हतं. ती फिरकी न घेता गडगडत गेली होती आणि कागदावर आडवी आपटली होती. मित्राने मग बुडाला खोल पोकळी असलेल्या गोळ्या आणल्या. दाबाने ते पोकळ बूड फुलतं आणि खाचा भरून काढतं. भोकं गोल झाली. जुन्या पद्धतीची निमुळत्या बुडाची गोळीही चालते, पण ती काडतुसं बहुधा स्वतःच भरावी लागतात.

४४च्या प्रतिकृतींना हा त्रास नाही. त्यांची नळी साधारण ०.४५१ इंचांची असते आणि ४५ कोल्टची गोळी ०.४५२च्या आसपासची, म्हणजे जोडी आपोआप जुळते. पहिल्यांदाच सिलिंडर बदलणार असाल तर मी ४४च घ्यायला सांगेन. तिथे अडचण वेगळी: ४५ कोल्टच्या बुडाची कड रुंद असल्यामुळे सिलिंडरमध्ये सहा घरं दाटीवाटीची होतात, म्हणून काही सिलिंडर पाचच घरांचे येतात.

फ्रेम पितळेची असेल तर बेत सोडून द्या. पितळ मऊ असतं, काडतुशीच्या धक्क्यांनी ते हळूहळू सैल पडतं आणि सिलिंडर व फ्रेममधली फट वाढत जाते. पोलादी फ्रेममध्येही काळ्या दारूची किंवा हलक्या भाराची शिशाच्या गोळीचीच काडतुसं. नळीवर ‘फक्त काळी दारू’ अशा अर्थाचा इंग्रजी छाप असतो. सिलिंडर बदलला म्हणून तो छाप खोटा होत नाही. कारखान्याच्या प्रतिकृतीची चाचणी मात्र काडतुशीसाठीच झालेली असते.

कायदाही दोघांकडे वेगळ्या नजरेने पाहतो. अमेरिकेच्या १९६८च्या संघीय कायद्यानुसार ठासणीची प्रतिकृती ‘फायरआर्म’ धरली जात नाही. काडतुशीचा सिलिंडर चढवला की ती त्या व्याख्येत येते. कारखान्याची काडतुशीची प्रतिकृती पहिल्या दिवसापासून त्या व्याख्येत असल्यामुळे परवानाधारक दुकानातून, पार्श्वभूमी तपासूनच मिळते. राज्यांचे नियम आणखी निराळे. भारतात तर ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका वर्गातलं शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलणं हेसुद्धा शस्त्र कायद्याच्या कलम ६ खाली परवान्याशिवाय करता येत नाही. तेव्हा इथल्या वाचकाने हे हौसेने वाचावं, हाताने करू नये.

इतकं असूनही माझा जीव बदललेल्या रिव्हॉल्व्हरवर जास्त आहे. दोन तुकड्यांचा सिलिंडर असेल तर पाचर काढायची, जुना सिलिंडर परत चढवायचा, आणि ते पुन्हा ठासणीचं होतं. कारखान्याच्या काडतुशीच्या प्रतिकृतीला ती वाटच नाही. मित्राकडे गेलो की पहिले सहा बार आम्ही दारू ठासूनच काढतो. पांढऱ्या धुरात समोरचा कागद दिसेनासा होतो, गंधकाचा तोच वास येतो जो आजोबांच्या पडवीत यायचा, आणि धूर विरेपर्यंत कोणी बोलत नाही. मग तो पाचरीवर लाकडी हातोडी टेकवतो.