रेझिनमधले नॅनोकण आणि एका चाचणीचे नाव

कार्बन किंवा काचतंतूच्या लॅमिनेटचे, म्हणजे तंतूंचे थर रेझिन नावाच्या चिकट पदार्थाने जोडून केलेल्या पत्र्याचे, दुखणे पहिल्यापासून दोन थरांमधल्या रेझिनमध्ये आहे: तिथे तडा जाऊन थर सुटतात. 1970 च्या दशकात त्यावर द्रवरूप रबर मिसळण्याचा उपाय रुळला. इपॉक्सी (असेच एक रेझिन) चिवट झाली, पण तिचा ताठपणा कमी झाला आणि उष्णता सोसण्याची मर्यादाही खाली आली. ही किंमत न मोजता चिवटपणा हवा होता.

1991 नंतर कार्बन नॅनोट्यूबनी, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांनी, सगळे लक्ष वेधून घेतले. सुमारे 1 टेरापास्कलचा स्थितिस्थापकता गुणांक (ताठपणाचे माप) पाहून अपेक्षा फार वाढल्या. प्रत्यक्षात नळ्यांचे गुंते सुटेनात. तीन-रोलर मिलमधून काढल्यावरही नळ्यांचे प्रमाण जरा वाढले की इपॉक्सी घट्ट होई आणि तंतूंच्या कापडात शिरायला कुरकुरे. इन्फ्युजनमध्ये, म्हणजे कोरड्या कापडात रेझिन ओढून घेताना, तर कापडच नळ्या गाळून ठेवी. 2005 च्या सुमारास एका युरोपीय गटाने काचतंतूच्या लॅमिनेटमध्ये अमिनो गट जोडलेल्या 0.3 टक्के नळ्या घातल्या आणि आंतरथर कातर-सामर्थ्य (थरावरून थर सरकण्याला होणारा विरोध) 20 टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले. तंतूंच्या दिशेतले ताणसामर्थ्य मात्र जवळपास होते तेवढेच राहिले. तो भार तंतूच पेलतात, त्यामुळे वेगळे काही होण्याचे कारणही नव्हते.

असे आकडे बहुधा शॉर्ट-बीम चाचणीतून येतात, आणि खरा वाद इथे आहे. जाडीच्या साधारण चौपट अंतरावर टेकवलेली आखूड पट्टी मधोमध दाबायची, एवढीच ही चाचणी. तिचे सूत्र मधल्या प्रतलात कातरच आहे असे धरून चालते. पट्टी मात्र रोलरखाली चिरडते, वाकून खालच्या बाजूने तुटते किंवा थरावरून थर सरकतो. कित्येकदा तिन्ही गोष्टी एकदम होतात. म्हणून 2000 च्या सुधारणेत अमेरिकी मानकाने शीर्षकातून ‘आंतरथर कातर’ काढून ‘शॉर्ट-बीम सामर्थ्य’ असे नाव ठेवले. 1997 च्या आंतरराष्ट्रीय मानकाने ‘भासमान’ (वरवर दिसणारे) हे विशेषण लावून जुने नाव राखले होते. माझ्या मते अमेरिकी निर्णय बरोबर होता आणि नॅनोकणांवर काम करणाऱ्यांनी तो पुरेसा मनावर घेतला नाही. त्यांच्या निबंधांत ‘भासमान’ सर्रास गळून पडते. त्यात घट्ट रेझिनमुळे लॅमिनेटमधल्या पोकळ्या आणि तंतूंचे प्रमाणही बदलते. मग वाढ किंवा घट नळ्यांमुळे झाली की ओतकामामुळे, हे सांगणे अवघड होते. एकाच तऱ्हेने तुटलेल्या पट्ट्यांची आपसांत तुलना करायला ही चाचणी उत्तम आहे. डिझाइनच्या गणितात तिचा आकडा घालू नये.

याच वर्षांत सोल-जेल पद्धतीच्या, म्हणजे द्रावणातूनच कण घडवलेल्या, सिलिकाने गाजावाजा न करता जास्त उपयोगी काम केले. सुमारे 20 नॅनोमीटरचे हे गोल कण इपॉक्सीत सुटे राहतात आणि प्रमाण बरेच वाढवले तरी रेझिन वाहते राहते. तडा जवळ आला की कणाची पकड सुटते, भोवतीची पोकळी फुगते आणि त्यात ऊर्जा खर्ची पडते. ताठपणाही कमी होत नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 10 टक्के सिलिकामुळे काचतंतूच्या लॅमिनेटचे ताण-थकव्यातले आयुष्य तिप्पट-चौपट झाले.

नॅनोट्यूबचा मार्ग पुढे बदलला. त्या रेझिनमध्ये ढवळण्याऐवजी 2008 च्या सुमारास प्रीप्रेगच्या (आधीच रेझिन भरलेल्या तंतूंच्या पट्ट्यांच्या) दोन थरांमध्ये उभ्या बसवल्या गेल्या आणि थर उकलण्याला होणारा विरोध दीड ते अडीच पट झाला. तंतूंवरच नळ्या वाढवण्याचे प्रयोगही झाले, पण त्यासाठी लागणारी उष्णता आणि धातूचे उत्प्रेरक कार्बनतंतूलाच कमकुवत करतात.