बॉम्बे हायचे तराफे तौक्तेत समुद्रातच का राहिले : पार्श्वभूमी

मे २०२१च्या तौक्ते चक्रीवादळात, मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रातल्या कामगारांना राहण्यासाठी असलेल्या पी-३०५ या तराफ्यावर अडकलेल्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच असतो, की ही माणसे वेळेत किनाऱ्याला का आली नाहीत. कप्तानाने इशारा मनावर घेतला नाही, एवढ्या उत्तरावर बहुतेकांचे समाधान होते. तो कप्तान त्या रात्री वाचला नाही, त्यामुळे त्याची बाजू मांडायला कोणी उरलेले नाही. म्हणूनच हा निर्णय कुठे आणि केव्हा झाला, ते नीट पाहायला हवे.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८८८च्या नोव्हेंबरात कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे निघालेली 'वैतरणा' ही आगबोट सातशेहून अधिक माणसांसह सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तेव्हा चक्रीवादळ नव्हते, भर आषाढातला खवळलेला समुद्र होता. कोकणातले मच्छीमार पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढून घेतात आणि नारळी पौर्णिमेनंतरच समुद्रात जातात, यामागे अशाच अनुभवांच्या कित्येक पिढ्या आहेत.

१९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागले आणि या शहाणपणाचा हिशेब बदलला. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, आणि हिरासारख्या जवळच्या क्षेत्रांत, माणसे बारा महिने समुद्रात राहू लागली. समुद्रतळात रोवलेला प्लॅटफॉर्म पावसाळाही काढतो. त्याच्या दुरुस्तीसाठी आलेल्या कामगारांची सोय मात्र शेजारी उभ्या केलेल्या राहण्याच्या तराफ्यावर होते. हा तराफा म्हणजे इंजिन नसलेली तरंगती चाळ. खोल्या, भटारखाना, क्रेन सगळे असते, पण स्वतःच्या ताकदीने तो जागचा हलू शकत नाही. साधारण आठ नांगरांच्या पोलादी दोरांवर तो चहूबाजूंनी ताणून धरलेला असतो आणि हलवायचा झाला तर टग, म्हणजे दुसऱ्याला ओढून नेणारे जहाज, लागतो. पावसाळ्याआधी कामे आवरून तराफे बंदरात आणण्याची पद्धत असल्याने मे महिना हा उरलेले काम उरकण्याच्या घाईचा असतो.

इंजिन असलेल्या जहाजाला वादळात निदान काही करता येते. नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, लाटेच्या तोंडावर धरायची, इंजिन पुढे जाण्यापुरते नव्हे तर सुकाणू ऐकेल इतकेच चालवायचे, डेकवरचे सगळे बांधून ठेवायचे आणि तास मोजत बसायचे. त्याआधी, वेळ हाताशी असेल तर वादळाची वाट सोडायची. ही वाट कशी ओळखायची याचे शास्त्र आपल्याच समुद्रांवर तयार झाले. एकोणिसाव्या शतकात कोलकात्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने जहाजांच्या रोजनिशा एकमेकींशी ताडून वाऱ्यांचे नकाशे मांडले, आणि 'सायक्लोन' हे नावही त्यानेच १८४८ मध्ये दिले. उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटेची उजवी बाजू जास्त धोक्याची असते, कारण तिथे फिरणाऱ्या वाऱ्यात वादळाच्या पुढे सरकण्याचा वेगही मिळतो. तौक्ते किनाऱ्याला जवळपास समांतर, उत्तरेकडे सरकत गेले. मुंबईपासून पस्तीसेक सागरी मैलांवरचे हिरा क्षेत्र त्याच्या उजव्या अंगाला आले. इंजिन असलेला कप्तान अशा बाजूतून बाहेर पडायची धडपड करतो. आठ नांगरांवरचा तराफा काय करणार?

आता वादाचा मुद्दा. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचे इशारे ११ मेपासूनच सुरू झाले होते. कंत्राटदार कंपनीचे म्हणणे असे, की १४ मे २०२१ला सर्व तराफ्यांना सुरक्षित जागी जाण्याच्या सूचना दिल्या. बाकीचे हलले, पण पी-३०५च्या कप्तानाने प्लॅटफॉर्मपासून २०० मीटर दूर सरकून तिथेच थांबायचे ठरवले. का, तर त्या ठिकाणी वारा जास्तीत जास्त ४० नॉटचा, म्हणजे ताशी ७५ किलोमीटरच्या आतबाहेर राहील असा अंदाज हाती होता. तराफ्यावरून वाचलेल्या एका अभियंत्याने कप्तानाविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. तेल कंपनी, कंत्राटदार आणि तराफ्याचे मालक यांच्यात जबाबदारी फिरत राहिली.

या सगळ्यात 'सुरक्षित अंतर' हे शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरले गेले. एक अंतर प्लॅटफॉर्मपासूनचे. २७ जुलै २००५ला बॉम्बे हायमध्ये एका जखमी कर्मचाऱ्याला जहाजावरून प्लॅटफॉर्मवर हलवताना, उसळत्या समुद्रात जहाज वायूच्या नळावर आदळले. प्लॅटफॉर्म जळून गेला आणि २२ माणसे गेली. तेव्हापासून या क्षेत्रात प्लॅटफॉर्मला धडकण्याची भीती सगळ्यांच्या मनात पक्की असणार. दुसरे अंतर वादळापासूनचे, आणि ते मीटरमध्ये मोजतच नाहीत. तेल प्लॅटफॉर्मभोवतीचा कायदेशीर सुरक्षा पट्टाच ५०० मीटरचा असतो. २०० मीटर म्हणजे त्या पट्ट्याच्याही आत. नांगर धरून राहिले तरच त्या २०० मीटरला अर्थ होता, ते सुटले तर काही नाही.

हे अंतर कमी पडेल हे कप्तानाला कळायला हवे होते, असे म्हणता येईल. पण नांगर उचलायला टगला एकेका दोराशी जावे लागते, तो खेचून डेकवर घ्यावा लागतो, आणि लाट वाढू लागली की हेच काम डेकवरच्या खलाशांच्या जिवावर उठते. म्हणून बंदरात परतण्याचा निर्णय १६ तारखेच्या रात्री घेता येणारच नव्हता. तो १४ला किंवा १५च्या सकाळीच व्हायला हवा होता, आणि त्या वेळी काम थांबवून शेकडो माणसे माघारी आणण्याचा खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न एकट्या कप्तानाचा खासच नव्हता. त्याच दिवसांत हजारो मासेमारी नौका किनाऱ्याला लागल्या होत्या. त्यांच्या तांडेलांना परतण्यासाठी कोणाचे पत्र लागले नाही.

अंदाजाबद्दलही एवढे नोंदवले पाहिजे, की तौक्तेने अखेरच्या टप्प्यात फार झपाट्याने जोर धरला. १७ मेच्या पहाटे ते अतितीव्र झाले आणि केंद्राजवळचा वारा ताशी १८० ते १९० किलोमीटरवर गेला. पण ते तीव्र होत उत्तरेला सरकणार हे १४ तारखेलाच सांगितले गेले होते. ४० नॉटच्या एका आकड्यावर २६१ माणसांचा जीव टाकायला तो अंदाज पुरेसा नव्हता.

पुढचे सर्वांना माहीत आहे. १६-१७च्या रात्री दोर एकामागून एक तुटले, वाहत गेलेला तराफा एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आदळला, तळाला भोक पडून पाणी शिरू लागले आणि १७च्या संध्याकाळी तो बुडाला. हवेने फुगवायचे राफ्ट बहुतेक फाटलेले निघाले, असे वाचलेल्यांनी सांगितले. मग लाइफ जॅकेट घालून उड्या. एकमेकांचे हात धरून पुरुषांनी पाण्यात कडी केली, कारण एकटा पडलेला माणूस लाटेच्या खळग्यात दिसत नाही. नौदलाच्या जहाजांनी बाजूला जाळ्या सोडल्या होत्या. कित्येक तास पाण्यात काढलेल्यांना त्या धरून वर चढायचे होते, आणि जहाज प्रत्येक लाटेबरोबर उचलले जात होते. पी-३०५वरचे १८६ वाचले. दुसऱ्या तराफ्याच्या दिमतीला असलेल्या 'वरप्रदा' टगवरच्या १३ जणांपैकी दोघेच. दोन्ही मिळून ८६ माणसे गेली. तो दुसरा तराफा, 'गाल कन्स्ट्रक्टर', पालघरच्या किनाऱ्याकडे वाहत जाऊन रुतला, म्हणून त्यावरचे १३७ जण सुखरूप उतरले. आणखी एक तराफा आणि एक ड्रिलिंग जहाज पिपावावच्या दिशेने वाहत गेले, त्यांवरचे सगळे बचावले.

याला पार्श्वभूमी आणखी एक आहे. अरबी समुद्रात वादळे तुरळक, बंगालच्या उपसागरात जास्त, या गृहीतावर इथली कामे वर्षानुवर्षे आखली गेली. २००९ला फयान आले, २०१७च्या ओखीत केरळ-तमिळनाडूच्या ६८ नौकांनी सिंधुदुर्गात आसरा घेतला, २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली, आणि जून २०२० मध्ये निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. तौक्तेच्या वेळी हे सगळे ताजे होते. तरी मे महिन्याचे वेळापत्रक जुन्याच गृहीतावर चालले होते.

जून २०२३ मध्ये बिपरजॉय गुजरातकडे येत असताना ओखाजवळच्या एका तेलरिगवरच्या ५० जणांना तटरक्षकांनी हेलिकॉप्टर आणि जहाज पाठवून वादळ किनाऱ्याला लागण्याआधीच उतरवून आणले. तेव्हाही समुद्र खवळलेलाच होता, पण वादळ धडकायला दोन दिवस बाकी होते.